आजींचा गोंधळ: दोष वयाचा की मूत्रपिंडाचा?

तंजावरमध्ये सुमारे साडेतीनशे वर्षांपासून मराठी कुटुंबं नांदत आहेत. अशाच एखाद्या घरातलं दृश्य डोळ्यांसमोर आणा. सत्तरी ओलांडलेल्या आजी परवापर्यंत घरखर्चाचा हिशेब तोंडपाठ सांगत होत्या. आता मात्र नातवाला मुलाच्या नावानं हाक मारतात, रात्री उठून 'मला घरी जायचंय' म्हणतात. 'वय झालं, चालायचंच!' असं म्हणून घरचे गप्प बसतात.

इथेच चूक होते. स्मृतिभ्रंश सहसा हळूहळू, महिन्या-वर्षांनी वाढत जातो. एकदोन दिवसांत उद्भवलेल्या गोंधळामागे लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नाहीतर मूत्रपिंडाचं काम मंदावणं, अशी कारणं असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वेळेवर उपचार झाले तर पुष्कळदा माणूस पूर्ववत होतो.

मूत्रपिंड आणि मेंदू यांचं नातं एवढ्यावरच संपत नाही. दोन्ही अवयव अतिशय बारीक रक्तवाहिन्यांवर अवलंबून असतात आणि उच्च रक्तदाब व मधुमेह या वाहिन्यांची दोन्हीकडे हानी करतात. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंश अधिक आढळतो. अर्थात तो प्रत्येकाला होतोच असं नाही. म्हणूनच रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवली, की दोन्ही अवयवांचं रक्षण होतं.

मूत्रपिंडाचा विकार बराच काळ मुका असतो. त्यामुळे वृद्धांची, विशेषतः मधुमेह वा रक्तदाब असेल तर, वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी करावी. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. त्यामुळे कृश आजींचा आकडा 'नॉर्मल' दिसूनही मूत्रपिंड दुबळं असू शकतं. म्हणून वय धरून काढलेला 'ईजीएफआर' विचारा. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिला, तर तो जुना विकार समजतात.

घरीही थोडं पथ्य हवं. गुडघेदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नका. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा. त्यात लोणचं-पापडही मोजा. 'कमी सोडियमचं' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यातलं पोटॅशियम अशा रुग्णांना घातक ठरू शकतं. उन्हाळ्यात पाण्याकडे लक्ष द्या, मात्र पायांवर सूज किंवा हृदयविकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तमिळनाडू सरकारनं २०२१ मध्ये रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आणि औषधं घरपोच देणारी योजना सुरू केली. पण आजींच्या वागण्यातला बदल सर्वांत आधी टिपणार ते घरचेच.

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. आपणही एक साधी वही करा. तारीख, रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन, चालू औषधं आणि 'आजी आज गोंधळल्या' हेसुद्धा त्यात लिहा. डॉक्टरांसमोर ही वही उघडली, की वयावर फोडलेलं खापर कदाचित उतरेल आणि खरं कारण सापडेल.