‘आम्ही खेळलो’ : एका सर्वनामाविषयी



बालपणाच्या आठवणी लिहावयास सांगितल्या की आपल्यापैकी पुष्कळांची लेखणी विटीदांडू, आट्यापाट्या आणि आमराईकडे वळते. यंत्राशी जडलेली आठवण साहित्यात आणण्याजोगी नाही, असा एक संकोच त्यामागे असतो. तो मला मान्य नाही. परंतु आज ज्या गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधावयाचे आहे, ती याहून अधिक अडचणीची आहे. आत्मपर लेखनात ‘आम्ही’ हे सर्वनाम आपण फार सैलपणे वापरतो आणि त्या सैलपणात माणसे हरवतात, असे माझे मत आहे. उदाहरण माझ्याच घरचे देतो.

१९८९ च्या मे महिन्यात मुंबईचे काका देवगडला आले ते संगणक घेऊन. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा ‘स्पेक्ट्रम’ १९८२ साली इंग्लंडमध्ये निघाला होता. त्याची ‘प्लस’ आवृत्ती पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात आणली. आमच्या ओटीवर आला तो हाच. संगणक म्हणजे केवळ एक कळफलक. पडदा घरच्या कृष्णधवल टीव्हीचा, साठवण टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर आणि स्मृती ४८ किलोबाइटची. ‘जे’ ही कळ दाबली की ‘लोड’ हा शब्द पुराच्या पुरा उमटे. मग कॅसेट सुरू करावयाची आणि सुमारे पाच मिनिटे ती कर्कश किंचाळी ऐकत बसावयाचे. माजघरातून आजी विचारी, ‘‘ह्यां काय रे कोकलता?’’ मेअखेरीस वळवाचे ढग जमू लागले की वीज हमखास जाई, आणि चौथ्या मिनिटाला गेली तर सारे पुन्हा पहिल्यापासून.

खेळ ‘मॅनिक मायनर’. मॅथ्यू स्मिथ या किशोरवयीन मुलाने तो लिहिला आणि १९८३ मध्ये तो बाजारात आला. विली नावाचा खाणकामगार, एकूण वीस गुहा, प्रत्येक गुहेतून किल्ल्या गोळा करून बाहेर पडावयाचे. खाली एक पट्टी आखडत जाई. ती वेळेची नव्हे, हवेची. हवा संपली की विली गेला. हे कुणाला सुचले असेल, याचे मला आजही नवल वाटते. आम्ही सातव्या गुहेपर्यंत पोहोचलो होतो.

‘आम्ही’. येथे थांबू या. मराठीत ‘आपण’ ऐकणाऱ्याला सामावून घेते आणि ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवते, हा भेद तुम्ही जाणता. मात्र आत कोण कोण आहे, याची यादी ‘आम्ही’ कधी मागत नाही. माझ्या ‘आम्ही’त मी होतो, चुलतभाऊ होता, शेजारचा एक मुलगा होता. कलमांच्या राखणदाराचा मुलगा खिडकीच्या गजांबाहेर उभा राहून पाही. त्याला कुणी हाकलले नाही आणि कुणी आत बोलावलेही नाही. ताई तर खोलीतच असे. अडकलेली टेप पेन्सिलीने गुंडाळणे तिचे काम. ‘मुलींनी खेळू नये’ असे कुणी म्हटले नाही. तिची पाळी येईपर्यंत दिवेलागण होई, एवढेच.

आम्ही दुपारी समुद्रावर गेलो की ताई संगणकासोबतचे पुस्तक उघडून बसे. त्यात स्वतःची चिन्हे घडवण्याची रीत होती. अशी २१ चिन्हे करता येत. प्रत्येक चिन्ह आडवे आठ, उभे आठ अशा चौकटींत बसवावयाचे, आणि प्रत्येक ओळीची एक संख्या काढावयाची. उजवीकडून पहिली चौकट १, मग २, ४, ८ असे दुप्पट करीत आठवी १२८; भरलेल्या तेवढ्या मिळवावयाच्या. ताईने गणिताच्या चौकटीच्या वहीवर अक्षरे काढली. शिरोरेषेत आठही चौकटी भरलेल्या, म्हणून शिरोरेषा म्हणजे २५५. ‘दे’च्या मात्रेसाठी वरच्या दोन ओळी राखाव्या लागत, एका अक्षराला मात्रा, म्हणून चारही अक्षरांची शिरोरेषा तिसऱ्या ओळीवर आली. दे, व, ग, ड. एका संध्याकाळी आमच्या टीव्हीवर ‘देवगड’ उमटले. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ संकेतप्रणाली प्रमाण म्हणून १९९१ मध्ये स्वीकारली गेली, हे मला पुष्कळ पुढे कळले. त्या संध्याकाळी मी, ‘‘झालं ना गं ताई? आता खेळ लाव,’’ म्हणालो होतो.

वीज गेली की संगणकाची स्मृती पुसली जाई, म्हणून तिने ती अक्षरे एका कॅसेटवर उतरवून ठेवली होती. पुढच्या मे महिन्यात चुलतभावाने आणलेला नवा खेळ मी त्याच कॅसेटवर उतरवून घेतला. कोरी आहे की नाही, हे पाहण्याचे मला सुचले नाही.

कोणी म्हणेल, पोरांच्या खेळाचा एवढा हिशेब कशाला? हिशेब खेळाचा नाहीच. मुले मुलांसारखी वागली. हिशेब आहे तो चाळिशीनंतर मी एका लेखात लिहिलेल्या ‘आम्ही संगणकाशी खेळत मोठे झालो’ या वाक्याचा. ते लिहिताना मी मूल नव्हतो, आणि ‘आम्ही’ऐवजी चार नामे लिहिण्याइतकी जागाही कागदावर होती.

तो लेख ताईने वाचला. सातव्या गुहेचे वर्णन तिला ओळखता आले नाही. ‘ग’च्या ओळींच्या संख्या मात्र तिने वहीच्या मागच्या पानावर क्रमाने लिहून दाखवल्या. पाचव्या ओळीपाशी अडली, मग चौकटी आखून तीही काढली.