जुनी सात आसनी गाडी आणि अचौर्य व्रत

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यातील व्यापारी घरांत मोठ्या गाडीची गरज साधारणतः एकाच टप्प्यावर निर्माण होते. दुसरे अपत्य घरात येते, आईवडिलांना स्थानकाचा जिना चढवत नाही आणि शहापूरच्या मानस मंदिरात दर्शनाला जायचे म्हटले तरी भाड्याची गाडी सांगावी लागते. नवी सात आसनी गाडी घ्यावी, तर दुकानाच्या खेळत्या भांडवलाला हात लागतो. अशा वेळी जुनी गाडी घेण्यात कमीपणा मुळीच नाही. परिग्रहाला मर्यादा घालणाऱ्या गृहस्थाला तो शोभणाराच निर्णय आहे. मात्र तो पारखून घेतलेला असावा.

प्रथम गरज मोजावी. २०१० मध्ये आलेली मारुती ईको साधी आणि दुरुस्तीला सोपी आहे. दिवसा दुकानाचा माल आणि रविवारी कुटुंब, अशी दोन्ही कामे ती करते. परंतु जुन्या ईकोमध्ये वातानुकूलन आहे की नाही, हे आधीच पाहावे. २०१२ ची अर्टिगा अधिक आरामशीर आहे. तिची दुसरी पिढी २०१८ च्या अखेरीस आली. तिच्या सीएनजी प्रकारात टाकी मागच्या सामानाची जागा व्यापते, हे लक्षात घ्यावे. २०१९ ची रेनो ट्रायबर चार मीटरच्या आतील असल्याने अरुंद गल्लीत लावता येते आणि तिची मागची आसने काढून ठेवता येतात. पण इंजिन ९९९ सीसीचेच असल्याने सात माणसे बसवून चढावर चालवून पाहावी. इनोव्हा भक्कम खरी, तथापि स्वस्तात मिळणारी इनोव्हा बहुधा खूप धावलेली असते. शेव्हरोले एन्जॉय, होंडा मोबिलिओ, रेनो लॉजी यांची विक्री बंद झाली आहे. त्यांची किंमत कमी दिसली, तरी सुटे भाग मिळतील का, हे आपल्या मेकॅनिकला विचारूनच पुढे जावे.

मुलांच्या सुरक्षिततेचा विचार रंगाच्या व सीटकव्हरच्या आधी यावा. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक मोटारीत चालकाची एअरबॅग आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. म्हणून शक्य असल्यास त्यानंतरची गाडी पाहावी. तिसऱ्या ओळीतील पट्टे स्वतः लावून पाहावेत, कारण तेथे बहुधा मुलेच बसतात.

या भागात आणखी एक परीक्षा आवश्यक आहे. २६ जुलै २००५ चा महापूर आणि २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस येथे कोणी विसरलेले नाही. उल्हास आणि वालधुनी यांच्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून पुन्हा बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. चिखलाची रेघ तेथे सापडते. गालिचा उचलून वास घ्यावा, आसनाच्या रुळांवरील गंज आणि स्टेपनीच्या खड्ड्यातील गाळ पाहावा. विम्याच्या दाव्यांचा इतिहासही मागावा.

गाडी पूर्वी टॅक्सी होती का, हे नोंदणीपत्रावरून कळते. किलोमीटरचा आकडा मात्र सर्व्हिसच्या नोंदी, पेडलची झीज आणि टायर यांच्याशी ताडून पाहावा. सीएनजी असल्यास तिची नोंद आरसीवर आहे ना आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे ना, हे तपासावे.

कागदपत्रांत सर्वाधिक हयगय होते. फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन मालकी हस्तांतरण पूर्ण करावे. कर्ज फिटलेले असल्यास फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हवे. परराज्यातील गाडी स्वस्त वाटते. परंतु ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातील कर मिळवून मगच हिशेब करावा. विक्रेत्यानेही निर्धास्त राहू नये. नोंदवहीत ज्याचे नाव, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईस तोच जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. गाडी तीन हात फिरली तरी नाव बदलले नसेल, तर नोटीस मूळ मालकाच्याच दारी येते.

आता पैशाची बाजू. चार लाखांचे कर्ज १२ टक्के दराने चार वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १०,५३० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १,०५,६०० रुपये होते. तेच तीन वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारे १३,२९० रुपये, तर व्याज सुमारे ७८,३०० रुपये. वाचलेल्या २७ हजारांत टायर आणि विम्याचा बराच भार निघतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्यांवरील जीएसटी कमी झाला आहे. म्हणून जुन्या गाडीचा भाव ठरवताना तुलना आजच्या नव्या किमतीशी करावी. पेढीच्या नावावर गाडी घेतल्याने जीएसटीचे क्रेडिट मिळेल, हा समजही सोडावा. चालकासह तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी गाडीवर सर्वसाधारण व्यापाऱ्यास ते मिळत नाही. व्यवहार बँकेमार्फतच करावा. दोन लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई असून, तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसू शकतो.

शेवटी, आज घेणारा उद्या विकणाराही असतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये हीनाधिक मानोन्मान, म्हणजे मापात लबाडी, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या नावाने खोटे देणे, यांची गणना आहे. किलोमीटरचा काटा मागे फिरवणे हे आजचे खोटे माप, आणि पुरात बुडालेली गाडी निर्दोष म्हणून विकणे हा आजचा प्रतिरूपक व्यवहार. तराजू शुद्ध ठेवणाऱ्या पेढ्यांनी गाडीचा दोषही किमतीआधी सांगावा. भाव वीस हजारांनी उतरेल. पण त्या गाडीत उद्या दुसऱ्या कोणाची तरी मुले बसणार आहेत.