चकाकीआड दडलेला धोका

दिल्लीहून पानिपत सुमारे ९० किलोमीटर. १७६१च्या रणभूमीवरचे काला आंब स्मारक पाहायला मोटारीने निघालेले मराठी कुटुंब इंजिन, ब्रेक, टायर तपासून घेते. अलॉय रिमकडे मात्र शोभेची वस्तू म्हणूनच पाहिले जाते.

ही रिम मुख्यतः अॅल्युमिनियमची असते. तिच्यावर तांबूस गंज चढत नाही. पण फुटपाथला घासून लॅकर उडाले की तेथून पाणी व क्षार आत शिरतात. पांढऱ्या रेषा उमटतात, पापुद्रे सुटतात. टायर जेथे रिमवर घट्ट बसतो त्या कडेला गंज धरला, तर हवा हळूहळू निसटते. पंक्चर नसतानाही टायर वारंवार उतरत असेल, तर कडा अवश्य तपासून घ्यावी.

दुरुस्तीत टायर काढून जुना रंग व गंज पूर्णपणे उतरवतात. मग प्रायमर, रंग आणि लॅकर चढवतात. कारागिराला एक गोष्ट आधीच सांगावी : रंगापूर्वी तडे तपासा. रंगाखाली तडा झाकला जातो, बुजत नाही. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून वापरण्यापेक्षा बदललेलीच बरी. पावडर कोटिंगच्या भट्टीत उष्णता प्रमाणाबाहेर गेली, तर धातूची ताकद घटते. घरी धुताना तीव्र आम्ल वापरू नये. साबणाचे पाणी पुरे.

चाक बसवताना बॅलन्सिंग करून घ्यावे, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि थोड्या प्रवासानंतर पुन्हा तपासावेत. पानिपत पाहायला जावे. भर रस्त्यात होऊ देऊ नये!