मुलगी जिंकली की डोकं कुणाचं दुखतं?



आज पाककृती नाही, पर्वाची तयारी नाही. आज राग आहे. क्रोध हा कषाय आहे हे मलाही ठाऊक आहे, म्हणून आठ दिवस थांबले. तरी तो उतरला नाही, तेव्हा लिहायला बसले.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भागात मुलांची एक दिवसाची बुद्धिबळ स्पर्धा होती. कोणी भरवली ते लिहीत नाही. माणसं ओळखीची आहेत आणि माझं भांडण एका मंडळाशी नाही. माझी लेक सहावीत आहे. सात फेऱ्यांत तिनं साडेपाच गुण मिळवले. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर तिचं नाव तिसरं होतं, मी स्वतः वाचलं. बक्षिसांच्या वेळी मात्र तिसऱ्या क्रमांकाचा चषक चौथ्या आलेल्या मुलाच्या हातात गेला आणि माझ्या लेकीला 'उत्कृष्ट मुलगी' म्हणून स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा मिळाला. मी विचारलं, तर म्हणाले, "ताई, एकाला दोन बक्षिसं कशी देणार?" बरोबर आहे, एका खेळाडूला एकच बक्षीस हा नियम बहुतेक ठिकाणी असतो. पण मग त्यातलं मोठं बक्षीस द्यायचं असतं, लहान नव्हे.

तिनं ज्या नववीतल्या मुलाला हरवलं त्याचे बाबा माझ्या शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, पोराचं सकाळपासून डोकं दुखत होतं. आणि मुलगी समोर असली की पोरं जरा सैलच खेळतात." आजूबाजूचे हसले. मीही हसले. डबा घेतला, आभार मानले आणि निघाले.

रेल्वेच्या पुलावरून भिसेगावच्या बाजूला उतरताना लेकीनं विचारलं, "आई, मी तिसरी आले ना? मग तू काही बोलली का नाहीस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज ते शोधते आहे.

घरी आल्यावर आधी एवढंच शोधलं की ही डोकेदुखी फक्त आमच्याच तालुक्यात आहे की काय. ती चांगली जुनी निघाली, मैत्रिणींनो. 1927 साली महिलांची पहिली जगज्जेती झालेली व्हेरा मेंचिक 1929 साली कार्ल्सबादला भल्याभल्या पुरुषांच्या स्पर्धेत खेळायला गेली. तिथं आल्बर्ट बेकर नावाच्या खेळाडूनं थट्टा केली की जो तिच्याकडून हरेल त्याला 'व्हेरा मेंचिक क्लब'चा सभासद करून घेऊ. क्लबचा पहिला सभासद तोच झाला! पुढं त्या क्लबात मोठमोठी नावं आली. त्यातलं एक मॅक्स यूव्हे. हे गृहस्थ तिच्याकडून दोनदा हरले आणि नंतर 1935 साली जगज्जेते झाले. यूव्हे हे नाव लक्षात ठेवा, ते आपल्या मुंबईच्या गोष्टीत परत येणार आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या माहेरी 'नवाकाळ' यायचा त्यांना खाडिलकर बहिणी आठवत असतील. संपादक नीलकंठ खाडिलकरांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीनं जिंकली. पुढं जयश्रीनं चार वेळा आणि रोहिणीनं पाच वेळा ते विजेतेपद घेतलं. म्हणजे सुरुवातीची दहा वर्षं या एका मराठी घराचंच राज्य होतं.

घरी कौतुक, बाहेर कौतुक. जोवर मुली मुलींशी खेळत होत्या तोवर कुणाला काही अडचण नव्हती. 1976 साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली आणि गदारोळ झाला. तिनं तीन राज्यविजेत्यांना हरवलं. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेरा वर्षांच्या मुलीला पटासमोर बसू द्यावं की नाही, यासाठी न्यायालय! शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या अध्यक्षांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. हे अध्यक्ष होते मॅक्स यूव्हे.

मला ही गोष्ट फार आवडली. तरुणपणी जो माणूस एका बाईकडून दोनदा हरला, त्यानं म्हातारपणी मुंबईच्या मुलीसाठी दार उघडलं. तो हरला आणि त्यातून मोठा झाला. आमच्याकडच्या त्या बाबांना एवढंच सांगायचं होतं, पण त्या वेळी मला सुचलं नाही.

कुणी म्हणेल, ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, आता कुठे असं राहिलंय? नागपूरच्या दिव्या देशमुखला विचारा. जानेवारी 2024 मध्ये ती नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथं मोठ्या स्पर्धेत खेळली. परत आल्यावर तिनं स्वतः लिहिलं की बघणाऱ्यांचं लक्ष तिचे कपडे, केस, बोलण्याची ढब यांच्याकडे होतं, फक्त तिच्या डावांकडे नव्हतं. हे ती कित्येक वर्षं सोसते आहे, असंही तिनं लिहिलं. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या महिला संघानं सुवर्ण जिंकलं, त्या संघात ती होती. 28 जुलै 2025 ला जॉर्जियातल्या बाटुमीला तिनं महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही कोनेरू हंपीसारख्या खेळाडूला हरवून, आणि त्याच विजयानं ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. जिंकल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली तो फोटो आपण सगळ्यांनी एकमेकींना पाठवला.

पण त्याच संध्याकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर एका भावजींनी लिहिलं होतं, "नियमामुळे फुकटात ग्रँडमास्टर झाली." फुकटात? विश्वचषक जिंकणाऱ्याला हा किताब थेट मिळतो, हा नियम आधीपासून छापलेला होता. ज्याला फुकटात हवा असेल त्यानं जाऊन विश्वचषक जिंकावा. मुलगा असता तर त्याच भावजींनी "एका झेपेत ग्रँडमास्टर" असं लिहिलं असतं.

आता ज्या प्रश्नावर या चर्चा नेहमी येऊन थांबतात तो घेते. "बायकांना डोकं असतं तर वरच्या शंभरात दिसल्या असत्या की!" हे म्हणणारे साधे लोक नव्हते. बॉबी फिशर म्हणायचा की कुठल्याही बाईला मी एक घोडा कमी घेऊन हरवीन. कास्पारोव्हनंही बायकांच्या खेळाबद्दल हलकं बोलून ठेवलं होतं. 2002 साली मॉस्कोत जुडित पोल्गारनं त्याला हरवलं, आणि पुढं त्यानं आपलं मत बदललं.

आपल्या देशात त्या 88 ग्रँडमास्टरांत स्त्रिया चार आहेत. हंपी, हरिका, वैशाली आणि दिव्या. चारच का, याचं उत्तर मला डोक्यात नाही, आमच्या त्या हॉलमध्ये दिसलं. चाळीसेक मुलं होती, त्यात मुली सहा. सातवी-आठवीपुढची एकही नाही. मी बाकीच्या आयांना विचारलं, "मोठी का नाही आली?" कुणी म्हणाली, आता मोठी झाली, बाहेर राहणं बरं दिसत नाही. कुणी म्हणाली, तिच्याबरोबर जाणार कोण? त्याच बाईंचे मिस्टर मुलाला घेऊन दोन रात्री पुण्याला राहून आले होते. शंभर मुलं पेरली आणि पाच मुली पेरल्या, तर पीक कुणाचं जास्त येणार? त्यासाठी मेंदूचं शास्त्र कशाला हवं?

आणि आपल्या जैन घरांत तर मुलीला थांबवायला आणखी एक सोयीचं कारण असतं. "चौविहार असतो, बाहेर खाण्याचे हाल, सूर्यास्ताआधी जेवण कसं होणार?" मुलगा निघाला की त्याच्या पिशवीत आपण खाकरे, सुकी भाजी, मेथीचे ठेपले भरतो आणि पाचलाच फोन करतो, "खाऊन घे रे." मुलीच्या वेळी तोच नियम कुंपण होतो. भगवंतांनी रात्रिभोजनत्याग सांगितला तो मुलगा-मुलगी बघून सांगितला नाही. जो डबा मुलासाठी भरता येतो तो मुलीसाठीही भरता येतो.

एका काकींनी मला हेही ऐकवलं की बुद्धिबळ हा मारामारीचा खेळ, त्यात भावहिंसा आहे. असेल. मग ती हिंसा फक्त मुलीच्याच खात्यावर का जमा होते? काकींचा नातू रोज मोबाइलवर बंदुकीचा खेळ खेळतो.

माझ्या सासूबाई रोज अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक करतात, मांडी न मोडता. त्यांना मी हा सगळा प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, "पोरीनं अठाई केली असती तर सगळ्यांनी मिरवणूक काढली असती, अनुमोदना केली असती. डोकं चालवलं तर डबा दिला." मला यापुढं काही लिहायची गरजच नव्हती खरं तर.

तरी आपल्या बायकांबद्दल लिहिते, कारण हे आपल्यासाठीच लिहिते आहे. मी लेकीचा निकाल महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तर चार जणींनी हात जोडले आणि एकीनं लिहिलं, "छान! पण अभ्यासाकडे लक्ष द्या हं." महिन्यापूर्वी एका मुलाला जिल्ह्यात कांस्य मिळालं तेव्हा टाळ्यांनी ग्रुप भरून गेला होता, अभ्यास कुणालाच आठवला नव्हता. आणि मी तरी कुठली वेगळी? दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मुलीनं चषक आणला तेव्हा मी म्हणाले होते, "दिवसभर दुसरं करते काय ती?" ती टोचणी अजून आठवते. तिनं माझ्या लेकीचं काही घेतलं नव्हतं. तरी मला ते सलत होतं.

आपल्याकडे चार भावना शिकवतात. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य. मैत्री आणि कारुण्य यांवर प्रवचनं खूप ऐकली. प्रमोद मात्र आपण पाठ करून सोडून देतो. आपल्यापेक्षा गुणानं जो अधिक आहे त्याला पाहून आनंद होणं, याला प्रमोद म्हणतात. दुबळ्यावर दया करणं सोपं असतं, त्यात आपण वरच राहतो. आपल्याहून हुशार मुलीकडे पाहून मनापासून आनंदणं अवघड आहे, आणि तीच खरी परीक्षा आहे. ज्या परंपरेनं एकोणिसाव्या तीर्थंकर मल्लींना स्त्री मानलं, जिथं भगवान महावीरांच्या छत्तीस हजार साध्वींच्या प्रमुख चंदनबाला होत्या आणि साधू चौदा हजार होते, त्या परंपरेतल्या बायकांना एका मुलीचा तिसरा क्रमांक सोसत नाही?

पुलावरच्या त्या प्रश्नाचं उत्तरही मला आपल्या प्रतिक्रमणातच सापडलं. पाप तीन प्रकारे लागतं. स्वतः केलं तर, दुसऱ्याकडून करवलं तर आणि करणाऱ्याचं अनुमोदन केलं तर. चषक मी हिरावला नाही, कुणाकडून हिरावून घेतलाही नाही. पण त्या बाबांच्या विनोदावर मी हसले. ते हसणं अनुमोदनच होतं. जशी तपस्येची अनुमोदना आपल्या पुण्यात जमा होते, तशी अपमानाची पापात जमा होते. दोन्हीकडे हिशोब एकच आहे.

म्हणून परवा मी त्या आयोजकांकडे परत गेले. चषक मागितला नाही. एवढंच म्हणाले की अंतिम निकालाच्या कागदावर तिसऱ्या क्रमांकापुढे तिचं नाव लिहा आणि मला त्याची प्रत द्या. ते म्हणाले, "ताई, लहान मुलांच्या खेळात एवढं काय?" मी म्हणाले, "लहान मुलांचा खेळ आहे म्हणूनच." अजून कागद आलेला नाही. मी पुन्हा जाणार आहे.

तुमच्याकडून मला तीनच गोष्टी हव्या आहेत. मुलगी जिंकली आणि कुणी डोकेदुखी काढली, तर हसू नका. मुलीचं बक्षीस घेताना क्रमांक कुठला ते तिथंच, सगळ्यांसमोर विचारा. आणि दुसरीची मुलगी जिंकली तर आधी तिच्या आईला फोन करा, अभ्यासाचं नंतर बघू. हंपीनं मुलीच्या जन्मानंतर खेळात परत येऊन 2019 साली आणि पुन्हा 2024 साली जलद बुद्धिबळाचं जागतिक विजेतेपद घेतलं. आई झाल्यावरही जे जमतं, ते बारा वर्षांच्या मुलीकडून "आता मोठी झालीस" म्हणून सोडवून घेऊ नका.

पुढच्या रविवारी लेकीची अलिबागला स्पर्धा आहे. पहाटे निघायचं आहे. तो तीन कप्प्यांचा डबा घरात पडूनच होता, त्यातच तिचे खाकरे, ठेपले आणि गूळ भरणार आहे. या वेळी मी गप्प बसणार नाही, असं तिला सांगितलंय. ती म्हणाली, "बघू."

जय जिनेंद्र.