मागच्या सीटवरून

मोटारसायकल घ्यायची ठरली की घरात चर्चा कशाकशाची होते? ॲव्हरेज किती देते, पिकअप कसा आहे, रंग काळा घ्यायचा की लाल, महिन्याचा हप्ता किती बसेल. सल्ला देणारे सगळे पुढे बसणारे. मागे कोण बसणार आणि कसं बसणार, हे कोणी विचारत नाही. मी लग्नापासून मागेच बसत आले आहे. म्हणून आज मागच्या सीटवरून दिसणाऱ्या गाड्यांबद्दल लिहिते.

आधी एका शब्दाची गंमत. तेलुगूत मोटारसायकलला सरळ 'बंडी' म्हणतात. वऱ्हाडाच्या शेजारामुळे आमच्या आदिलाबादकडच्या मराठीत बंडी म्हणजे बैलगाडी. माझं माहेर भालकीचं, तिथे कन्नडमध्येही बंडी म्हणजे बैलगाडीच. आणि खरं सांगू का, आमच्याकडे मोटारसायकल पारखतातसुद्धा बैलबंडीसारखीच. चिखलातून निघेल का? ओझं किती नेईल? माणसं किती बसतील? पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाची गोंड मंडळी आजही तिथे परंपरेने बैलबंड्यांतून येतात. बाकीचे भाविक मोटारसायकलींवरून. दोन्ही बंड्यांवर घरदार आणि शिदोरी सारखीच लादलेली असते.

आमच्या सासऱ्यांच्या पिढीचा जीव राजदूतवर होता. पावणेदोनशे सीसीची, दणकट, दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवले तरी कुरकुर न करणारी. माझ्या वडिलांना मात्र जावाच हवी असायची, कारण ती 'आपल्या म्हैसूरची'. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 पासून तिथे जावा बनवल्या, 1973 पासून त्याच गाडीला येझदी हे नाव मिळालं आणि 1996 मध्ये कारखाना बंद झाला. 1956 पर्यंत भालकी आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते; नंतर भालकी म्हैसूर राज्यात गेली, आदिलाबाद आंध्रात. पण गाडीचा अभिमान माणसं अशी राज्याप्रमाणे वाटून घेतात, याची मला अजून मौज वाटते. येझदीचा तो दुहेरी सायलेन्सरचा आवाज आणि किक मारायचा दांडाच पुढे ढकलून त्याचा गिअर करायची युक्ती, जुने शौकीन आजही डोळे मिटून सांगतात.

मग 1985 साली हिरोहोंडाची सीडी हंड्रेड आली आणि हिशेबी माणसाने तिला आपलं मानलं. जुन्या दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळायचं, शिवाय थोडं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जायचं. चार स्ट्रोकच्या इंजिनात हा अपव्यय वाचला. 1994 ला स्प्लेंडर आली, तिचा वंश अजून चालू आहे. 2011 मध्ये हिरो आणि होंडा वेगळे झाले, तरी गावाकडची माणसं अजून हिरोहोंडाच म्हणतात. या गाडीला ऐट नाही, पण काळ्या मातीत तिचे अरुंद टायर बैलबंडीच्या चाकोरीतून बरोबर जातात. मडगार्डमध्ये चिखल भरला तर काडीने काढायचा आणि पुढे निघायचं. मागे बसणारीच्या दृष्टीने तर तिची लांब, सपाट सीट म्हणजे ओसरीच. मी, मांडीवर पिशवी, पायाशी भाजी, सगळं मावतं.

तरुण मुलांचा जीव वेगळ्या गाडीवर. त्यांच्या काकांनी यामाहा आरएक्स हंड्रेडसाठी उपास केले होते. 1985 ते 1996 एवढीच वर्षं ती बनली, पण शंभर सीसीलाही न भरणाऱ्या त्या इंजिनाचा झटका लोक विसरले नाहीत. नोव्हेंबर 2001 मध्ये पुण्याच्या बजाजने पल्सर आणली आणि झटका परवडणाऱ्या किमतीत आला. माझा पुतण्या म्हणतो, "काकू, ट्रकला ओव्हरटेक करताना गाडीत दम लागतो, नाहीतर अर्ध्यातच अडकतो." नागपूर-हैदराबाद हायवेवर त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण अशा गाड्यांच्या पुढच्या काही मॉडेलांत सीटचे दोन तुकडे झाले, मागचा तुकडा उंच आणि वीतभर. त्यावर एका बाजूला पाय सोडून बसलं की ब्रेकसरशी माणूस पुढे घसरतं आणि वेग घेताना मागे ओढलं जातं. धरायला असतो तो फक्त पुतण्याचा खांदा.

बुलेटवाल्यांची जातच निराळी. 1955 पासून मद्रासला बनू लागलेली ही गाडी. जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचे. तिच्या इंजिनाचा स्ट्रोक लांब, त्यामुळे कमी फेऱ्यांतही ती जोर लावते आणि तो संथ ठोका ऐकू येतो. बुलेटवाल्याला घाई नसते, त्याला लोकांनी पाहावं एवढंच हवं असतं. हायवेवर बाजूने ट्रक गेला तरी ती डळमळत नाही, हे मी मागे बसून अनुभवलं आहे. पण तिचं वजन पावणेदोनशे किलोच्या पुढे. पावसाळ्यात शेतरस्त्यावर एकदा कलली की उभी करायला दोन माणसं लागतात.

आणि जिला कोणी मोटारसायकल म्हणायला तयार नाही, ती टीव्हीएस. 1980 च्या टीव्हीएस फिफ्टीपासून तिची नात आजच्या एक्सएल हंड्रेडपर्यंत. पुढे पाय ठेवायच्या जागेत खताचं पोतं उभं राहतं आणि गिअर बदलायची कटकट नाही. आमच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायका ती स्वतः चालवतात. सगळ्या गाड्यांत बाईला पुढे बसवणारी पहिली हीच, म्हणून मला तिचा आदर आहे.

आता जरा कडू बोलते. सोयरीक जुळवताना मुलाकडून गाडीचं नाव पुढे येतं. 1961 पासून हुंडाबंदीचा कायदा आहे, म्हणून आता त्याला 'हौस' म्हणतात. मुलीचा बाप कापसाचे पैसे आले की ती हौस पुरवतो. मॉडेल नवरदेव ठरवतो. आणि लग्नानंतर साडी नेसून, पुढे मूल घेऊन त्या वीतभर सीटवर बसायचं असतं ते त्याच बापाच्या लेकीला. जिच्या माहेरच्या पैशातून गाडी आली, तिलाच धड बसता येत नाही. यापेक्षा उलटा न्याय कोणता?

मागे बसणाऱ्याचा विचार कायद्याने केव्हाच केला आहे. केंद्रीय मोटारवाहन नियमांनुसार दुचाकीला मागे धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारी जाळी असायला हवी. ही जाळी म्हणजेच आपला साडीगार्ड. दिसायला बरं नाही म्हणून पोरं तो नवी गाडी घरी आणताच काढून टाकतात. मग पदर किंवा ओढणी चाकात जायला एक क्षण पुरतो, आणि नंतर गाव हळहळतं. हेल्मेटचंही तेच. कायद्याला ते दोघांच्याही डोक्यावर हवं आहे, चार वर्षांवरच्या मुलाच्याही. पण आपल्याकडे घरात हेल्मेट एकच, आणि तेही बहुतेक वेळा आरशाला टांगलेलं.

तेव्हा पाडव्याला, म्हणजे कर्नाटकातल्या आपल्या मंडळींच्या युगादीला, गाडी घ्यायचा विचार असेल तर शोरूमला एकटे जाऊ नका. जी मागे बसणार तिला घेऊन जा. तिला साडीवर बसवून बघा. पाय टेकतात का, हात कुठे धरते, जाळी चाक झाकते का, मूल घेऊन उतरता येतं का, एवढं बघा. दुसरं हेल्मेट तिच्या मापाचं तिथेच घ्या. मग रंग काळा असो की लाल, इंजिन शंभरचं असो की साडेतीनशेचं, तुमची आवड तुम्हाला लखलाभ.

आणि वेगाबद्दल मागून आवाज आला तर चिडू नका. आमची आई भालकीला कोणी गाडी काढली की अंगणातून ओरडायची, "निधान, निधान!" कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. ज्या घरात दोन्ही भाषा बोलल्या जातात, तिथे तरी दोन्ही अर्थ कळायला हरकत नाही.