पत्रांना साहित्याबाहेर कोणी बसविले?

आधुनिक मराठी गद्य इंग्रजी अमदानीत जन्मले, हे वाक्य आम्ही दरवर्षी उत्तरपत्रिकांत वाचतो आणि गुण देतो. विद्यार्थ्यांचा दोष नाही, शिकविले आम्हीच. महानुभाव, बखरी आणि मग एकदम १८३२ चे 'दर्पण'! मधला राजकीय पत्रव्यवहार इतिहास विभागाच्या कपाटात.

आमच्या जिल्ह्यापुरतेच बोलू. मार्च १७९५ मध्ये जामखेडजवळ खर्ड्याला पेशव्यांच्या फौजेने निजामाला हरविले. त्याला खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. त्याच्या दरबारी गोविंदराव काळे हे पुण्याचे वकील होते. वकिलाची पत्रे कशी असतात? कोण काय बोलला, कोण गप्प राहिला, हे सारे त्यांत येते. उत्तर देणारा आधी समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडतो. मग येते 'ऐसियास', आणि तिथून स्वतःचा युक्तिवाद. प्रतिपक्ष नीट मांडून मग खोडणे ही निबंधाची शिस्त म्हणून आम्ही शिकवितो, आणि तिचे श्रेय थेट चिपळूणकरांना देऊन मोकळे होतो.

त्याच १७९५ साली इंग्लंडशी केलेल्या तहावरून अमेरिकेत वादळ उठले होते. जेफरसन, मॅडिसन, अ‍ॅडम्स या मंडळींनीही राजकारण पत्रांतूनच केले. जेफरसन आणि अ‍ॅडम्स यांची पत्रे अमेरिकन साहित्याच्या संकलनांत बसली आहेत. काळे आणि नाना फडणीस मात्र 'साधने'!

साधने हा शब्द राजवाड्यांचा. १८९८ च्या पहिल्या खंडात त्यांनी बखरींच्या विश्वासार्हतेवर कडाडून हल्ला केला आणि पत्रांना पुराव्याचे स्थान दिले. इतिहासाला ते उपकारकच ठरले. पण आमच्या विभागांनी त्यातून अजब वाटणी केली: खरे ते इतिहासाला, संशयास्पद ते साहित्याला. 'भाऊसाहेबांची बखर' आम्ही शैलीसाठी शिकवितो. त्याच पानिपतच्या मोहिमेतली पत्रे शिकवीत नाही.

एका अभ्यासक्रम-बैठकीत आम्हाला उत्तर मिळाले, 'पत्रे साहित्य म्हणून लिहिलेली नव्हती.' बखरी तरी होत्या का? दुसरी सबब मोडीची. तीही टिकत नाही. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन दप्तरातली पत्रे शंभर वर्षांपूर्वीच बाळबोधीत छापली. (शाळामास्तराच्या पगारावर! आम्ही वेतन आयोगवाले.)

नगरच्या भुईकोट किल्ल्यात सहली नेताना नेहरूंनी १९४२ ते ४५ या बंदिवासात तिथे 'भारताचा शोध' लिहिला, हे आम्ही आवर्जून सांगतो. १७९८ मध्ये नाना फडणीस त्याच किल्ल्यात कैदेत होते, हे आम्ही स्वतःच कितीदा सांगितले?

अडचण आहे ती वेगळी. ही पत्रे कठीण आहेत. फारसी शब्द, आडनावाविना आलेली माणसे, अर्धवट सूचना. त्यांना टिपा हव्यात, आणि त्या मराठीच्या अध्यापकांनीच लिहायला हव्यात. गेल्या वर्षी एका दोन पानी पत्राला टिपा लिहिताना आमचे तीन रविवार गेले. वर्गात मात्र ते पत्र दोन तास पुरले, आणि 'ऐसियास' कुठे येते हे मुलांनी न सांगता हेरले.