दारी हत्ती झुलविण्यापूर्वी

२०२५ साली २२ सप्टेंबरला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी वस्तू व सेवा कराचे नवे दर देशभर अमलात आले. चार मीटरांहून लांब, दीड हजार घनसेंटिमीटरांहून मोठ्या इंजिनाच्या आणि जमिनीपासून चांगल्या उंच अशा ज्या गाड्यांना आपण आता सरसकट ‘एसयूव्ही’ म्हणतो, त्यांवर तोपर्यंत २८ टक्के कर आणि २२ टक्के अधिभार मिळून ५० टक्क्यांचा भार होता. तो ४० टक्क्यांवर आला. ज्या गाडीची करापूर्वीची किंमत १२ लाख रुपये, ती १८ लाखांऐवजी १६ लाख ८० हजारांना मिळू लागली. घट बसण्याच्या मुहूर्तावर १ लाख २० हजार रुपये वाचले, तर देवी पावली असे मध्यमवर्गीय गृहस्थाला वाटल्यावाचून कसे राहील? मात्र ही पावलेली देवी घरी आणताना तिच्या नित्यपूजेचा खर्च किती, याचा विचार फारच थोडे करतात. त्या विचारासाठीच आजचा हा प्रपंच.

उदाहरणासाठी आम्ही बेळगावचा कॅम्प निवडला आहे. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या वाचकांस हा भाग परका नाही. आमच्या किती तरी घरांतील मुले कॅम्पातील सेंट पॉल्समध्ये शिकली. आमचे आजारी बेळगावच्या इस्पितळांत बरे झाले. आमच्या लग्नांचे बस्ते तेथल्या बाजारात बांधले गेले आणि आमच्या रोजच्या जेवणातली भाजी तेथूनच घाट उतरून येते. किती तरी कन्या तिकडे नांदतात आणि तिकडच्या सुना इकडे. चोर्ल्याचा, अनमोडचा आणि आंबोलीचा असे तीन घाट ही नाती सांभाळीत उभे आहेत. चतुर्थीला कॅम्पातले एखादे कुटुंब आजी-आजोबा, दोन मुले, सामान आणि नारळांचे पोते घेऊन फोंड्याच्या मूळ घरी येते, तेव्हा त्याला चार माणसांची लहान गाडी अपुरी पडते, हे कोणीही मान्य करील. पावसाळ्यात खड्डे चुकवीत आणि धुके कापीत घाट उतरायचा, तर उंच आणि दणकट गाडी ही केवळ चैन ठरत नाही.

तेव्हा अशी गाडी घेणाऱ्यास उधळ्या म्हणण्याचा जुना शिरस्ता आम्हांस मान्य नाही. फियाट किंवा अँबेसेडरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे दिवस गेले, ते बरेच झाले. आज पिंपरीची हॅरियर आणि सफारी, चाकणची एक्सयूव्ही ७००, रांजणगावची कंपास अशा गाड्या पुण्याच्या परिसरात मराठी कामगारांच्या हातांनी घडल्या आणि त्याच महामार्गाने कोगनोळीचा नाका ओलांडून, निपाणीवरून बेळगावास आल्या, याचा अभिमानच वाटावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची सुरक्षा-चाचणी सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात हॅरियर व सफारी या गाड्या तिच्यातून पाच तारे मिळवून बाहेर पडल्या. आपल्या मुलाबाळांना अधिक सुरक्षित गाडीत बसवावे, असे ज्या बापास वाटते त्याची चेष्टा करण्यात कसला शहाणपणा?

पण आपल्या भाषेत श्रीमंतीचे वर्णन ‘दारी हत्ती झुलतात’ असे करतात, आणि ते ज्याने केले त्याला हत्तीचा चारा ठाऊक होता. आपण मात्र हत्तीची किंमत विचारतो आणि चाऱ्याची विसरतो. वर सांगितलेलीच १६ लाख ८० हजारांची गाडी घ्या. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीवर १७ टक्के आजीवन वाहनकर आणि त्या करावर ११ टक्के उपकर पडतो. म्हणजे सुमारे ३ लाख १७ हजार रुपये. विमा निराळा, आणि त्यातील तिऱ्हाइताच्या नुकसानीचा भाग २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता १ टक्का आयकर आधीच कापून घेतो; तो विवरणपत्रात दाखवून वळता करून घेता येतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. अशी बेरीज करीत गेले म्हणजे काचेच्या दालनात पाहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष द्यावयाचा आकडा यांत एका लहान गाडीइतके अंतर पडते.

त्यानंतर कर्ज. १४ लाख रुपये नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर दरमहा सुमारे साडेबावीस हजारांचा हप्ता बसतो आणि व्याजापोटी ४ लाख ९२ हजार रुपये जातात. तेच कर्ज पाच वर्षांत फेडले, तर हप्ता २९ हजारांवर जातो, पण व्याज ३ लाख ४४ हजारांवर येते. सातव्या वर्षीचे हप्ते आपण ज्या गाडीचे फेडीत असतो ती तोवर जुनी झालेली असते, तिचे टायर बदलून झालेले असतात आणि शेजाऱ्याने नवी आणलेली असते. म्हणून आमचा साधा हिशेब असा : पाच वर्षांचा हप्ता ज्याला पेलत नाही, त्याला ती गाडी पेलत नाही. सात वर्षांची मुदत ही सवलत नव्हे. आपले अंथरूण आखूड आहे हे सांगणारी ती सूचना आहे. हप्त्याखेरीज इंधन, देखभाल, विम्याचे नूतनीकरण आणि पथकर हे दर महिन्याचे सोबती आहेतच. ज्यांचे राष्ट्रीय महामार्गावर वरचेवर जाणे-येणे असते त्यांनी १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांत सुरू झालेला २०० फेऱ्यांचा वार्षिक पास जरूर घ्यावा. पण वर्षातून चारदाच कोल्हापूरला जाणाऱ्याने तो घेणे म्हणजे पुन्हा हौसच.

कोणत्या इंधनाची गाडी घ्यावी, याचाही निर्णय शेजाऱ्याकडे पाहून होतो. एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी जाळी असते. ती काजळी जळून जाण्यास गाडी मोकळ्या रस्त्यावर काही काळ सलग वेगाने पळावी लागते. दर आठवड्यास बेळगाव-पुणे करणाऱ्या व्यापाऱ्यास डिझेल गाडी फायद्याची; परंतु जिचे सारे आयुष्य कॅम्पातून शाळेपर्यंत आणि शाळेपासून टिळकवाडीपर्यंत जाण्यातच संपणार, त्या डिझेल गाडीची जाळी तुंबते आणि दुरुस्तीचे बिल पाहून मालकाचा श्वासही तुंबतो. कुटुंबाची रोजची वाट कोणती, हे जाणून गाडी निवडावी. वर्षातील दोन घाटवाऱ्यांसाठी उरलेल्या ३६० दिवसांचा भुर्दंड का सोसावा?

आता सीमाभागाचा खास प्रश्न. जी गाडी बेळगावात नोंदविताना ३ लाख १७ हजार कर पडतो, तीच पेट्रोलची असेल तर महाराष्ट्रात १२ टक्क्यांनी सुमारे २ लाख २ हजारांत नोंदली जाते. गोव्यातील करही कर्नाटकाच्या मानाने हलकाच. म्हणजे दिल्लीने नवरात्रात जेवढे सोडले, जवळजवळ तेवढेच या सीमारेषेवर पुन्हा मोजावे लागते. मग निपाणीकर कोल्हापूरच्या मेव्हण्याचा पत्ता देतो, कॅम्पातला गृहस्थ म्हापशाच्या मामांचा, आणि ‘एमएच’ किंवा ‘जीए’ची पाटी बेळगावच्या अंगणात कायमची येऊन उभी राहते. हे चातुर्य आम्हांस पसंत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे, आपले राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण जेथे आहे आणि गाडी जेथे सामान्यतः ठेवली जाते, तेथेच ती नोंदवावी लागते. आणि ४७ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तेथे नव्याने नोंद करावी लागते. उसन्या पत्त्यावरची गाडी पहिल्या तपासणीत अडते आणि अपघाताच्या प्रसंगी, जेव्हा कागद सरळ असण्याची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच मालकाला उत्तरे शोधावी लागतात. लाखभर रुपये वाचविण्यासाठी घरच्या कर्त्या पुरुषाने मुलांदेखत खोटा पत्ता लिहावा, ही किंमत लाखाहून मोठी आहे.

या पाट्यांना सीमाभागात आणखीही एक कडवट अर्थ चिकटला आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडी नाक्याजवळ महाराष्ट्राच्या पाटीच्या गाड्यांवर दगड पडले, हे कोणी विसरलेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून चिघळत असलेला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला वाद गाडीच्या काचेवर सुटणार नाही. पाटीवरची अक्षरे ही कराची पावती आहे. ती ना कोणाच्या मातृभाषेचा दाखला, ना कोणाच्या निष्ठेचा. कॅम्पातल्या मराठी माणसाने ‘केए २२’ची पाटी निःसंकोच लावावी, पुरता कर भरावा आणि त्याच ताठ मानेने आपल्या भाषेचे हक्क मागावेत. कर चुकविणाऱ्याच्या तोंडी हक्काची भाषा शोभत नाही; कर भरणाऱ्याच्या तोंडी ती नुसती शोभत नाही, तर तिला धार येते.

मात्र सारा उपदेश नागरिकालाच करून आम्ही सरकारांना मोकळे सोडणार नाही. ज्या देशाने वस्तूंवरील कर एका सूत्रात आणला, त्या देशात चाळीस-पन्नास किलोमीटरांवर वाहनकर लाखाने बदलतो, हे विसंगत आहे. बेळगावची नोकरी संपवून फोंड्यास परतणाऱ्याला नव्या राज्यात पुन्हा कर भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा परतावा मिळविण्यासाठी खेटे घालावे लागतात. १५ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या ‘बीएच’ मालिकेने सैनिकांना आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांना या जाचातून सोडविले. दोन-दोन वर्षांचा कर भरायचा आणि बदली झाली तरी पाटी तीच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र जेथे आहे, त्या गावाला या सोयीचे मोल सांगावयास नकोच. खासगी नोकरांपैकीही चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या संस्थांतील लोकांनाच ती मिळू शकते. जे सैनिकाला शक्य झाले ते शिक्षकाला, दुकानदाराला आणि शेतकऱ्याला का होऊ नये? वर्षागणिक कर आणि राज्य बदलताच सरळ हिशेब, एवढी व्यवस्था कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तीन राज्यांनी आपसांत जरी केली, तरी उसन्या पत्त्यांचा धंदा एका वर्षात बसेल.

शेवटी रस्त्याविषयी दोन शब्द. कॅम्पातील रस्ते रुंद, झाडांच्या सावलीचे. तेथे ही गाडी शोभते. पण तीच गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात शिरली की सारी वाट तिच्या बापाची होते. उंच आसनावर बसणाऱ्यास दूरचे दिसते, मात्र टापाखालचे मूल आणि बाजूची सायकल दिसत नाही. मोठी गाडी असणे म्हणजे मोठा अधिकार नव्हे, मोठी जबाबदारी आहे. बाजारात ती बाहेर उभी करून चार पावले चालण्यात कमीपणा नाही. घाटात ज्या गिअरमध्ये आपण चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे आणि चढणाऱ्यास आधी वाट द्यावी, हे जुने चालक सांगत. नव्या गाडीतील कोणत्याही पडद्याने हा नियम रद्द केलेला नाही. आणि पट्टा मागच्यांनीही बांधावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सायरस मिस्त्री यांच्यासारखा उद्योगपती भारी गाडीच्या मागच्या आसनावर, पट्टा न लावलेल्या स्थितीत प्राणास मुकला. गाडीचे पाच तारे पट्टा न बांधणाऱ्यासाठी चमकत नाहीत. चाकाखाली लिंबू ठेवावे, देवाचा कौल घ्यावा, नारळ वाढवावा. पण आजीच्या खांद्यावरून पट्टा ओढून घेणे हाही त्या पूजेचाच एक विधी मानावा.

आपल्या देशातील छावण्यांत ‘ओल्ड ग्रँट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या बंगल्यांची एक विलक्षण रीत आहे : घर राहणाऱ्याचे, पण त्याखालची जमीन सरकारची. छावणीत राहणाऱ्यास हे भान पिढ्यान्‌पिढ्या असते की, आपली मालकी भिंतींपुरती आहे. दारातल्या नव्या गाडीकडे पाहतानाही हेच भान हवे. कर्ज फिटेपर्यंत नोंदणीपुस्तकावर आपल्या नावाखाली बँकेचे नाव असते आणि चाकाखालचा रस्ता तर कायमचाच सर्वांचा. हे दोन्ही ज्याने ओळखले, त्याने हौसेने गाडी घ्यावी आणि चतुर्थीला सहकुटुंब घाट उतरून यावे. आम्ही त्याचे स्वागतच करू. ज्याने ओळखले नाही, त्याच्या दारी हत्ती झुलेल खरा, पण साखळीचे दुसरे टोक मालकाच्याच पायात असेल.